पांढरी बाजू

साडेसातला पिवळी भिंत. आठला जास्वंदी दरवाजा.
सव्वाआठनंतर त्यावर समोरच्या पन्हळीची सावली पडते
आणि नवरदेवाला नको तिथे मिशी फुटते.
निळ्या जिन्याला दहापर्यंत थांबावं लागतं.
हे मला पाठ आहे,
कुणाला एसटीचं वेळापत्रक असतं तसं.

फोटो मी काढत नाही, संझगिरी काढतात.
मी रिफ्लेक्टर धरतो:
गोल, घडीचा, परातीच्या तिप्पट,
एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने पांढरा.
दोडामार्गहून पहाटेच्या बसने येतो,
दिवसाचे सातशे आणि एक भाजी-पाव.
तीन वर्षांत फोंतेन्यासच्या गल्ल्यांत
किती नवऱ्या उजळल्या, हिशेब नाही.
एकदा माझं कोपर फोटोत आलं होतं.
ते त्यांनी पुसलं.

आजची जोडी इचलकरंजीची.
तिला हवी होती ‘ती रीलमधली खिडकी’.
तशा इथे अकरा आहेत, मी मोजल्यात.
एकीखाली पाटी:
हे घर आहे. आत माणसं जेवतात.
त्याखाली कुणी तरी पेनने: काय जेवतात?
त्याखाली थरथरत्या अक्षरात: कालचं हुमण.

संझगिरी लेन्स बदलत होते, नवरा कॉलर,
तेवढ्यात पाटीवरची खिडकी उघडली.
मला वाटलं, पाणी पडणार. याआधी पडलेलं आहे.
पण बाहेर आलं एक बोट,
वाकडं, माझ्यावर रोखलेलं.
“पुता, हांगा यो. म्हाका एक फोटो जाय.”

एर्मेलिंदा बाय. वय सत्त्याऐंशी.
नवऱ्याची पेन्शन लिस्बनहून येते,
आणि वर्षातून एकदा तिथून विचारतात, आहात ना?
मग फोटो पाठवायचा.
मागे रंग नको. पांढरं, कोरं,
आणि दोन्ही कान दिसायला हवेत.
गेल्या वर्षीचा परत आला: मागे गेरूची भिंत.
चार महिने बाय कागदावर मेलेल्या होत्या,
आणि रोज सकाळी दाराशी पाव घेत होत्या.

तर आम्ही पांढरं शोधायला निघालो.
हसू नका. शोधून बघा.
गेरू, निळीचा निळा, पिकल्या पपईचा,
एक हिरवा, जो कुठल्याच झाडाला येत नाही.
चौकटींना पांढरे पट्टे आहेत, चार बोटं रुंद.
त्यांत बाई मावत नाही.
पांढरं फक्त कपेल, बाय म्हणाल्या,
पप्पा सांगायचे, तो रंग देवाचा,
उरलेल्यांतले आपण घ्यायचे.
कपेल गल्लीच्या पार टोकाला
आणि बायचे गुडघे दारापर्यंतचे.

माझ्या काखेत काय आहे
हे मला आठवायला एवढा वेळ लागला.

उलटं केलं.
त्यांच्या वेताच्या खुर्चीमागे उकिडवा बसलो,
नाक कापडाला टेकलेलं,
आणि पहिल्यांदाच कळलं
की पांढऱ्याच्या मागे काहीच दिसत नाही,
नुसतं ऐकू येतं:
खाडीकडून एक स्कूटर,
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
संझगिरींचं चिडणं, मग गप्प होणं,
मग कधी न ऐकलेला त्यांचा आवाज,
“हनुवटी जरा खाली, बाय. तशीच.”
दात बसवल्याचा टक्क आवाज.
केस कानांमागे सारताना वाजलेली बांगडी.
आणि क्लिक.

इचलकरंजीची म्हणाली, अय्या, हे किती छान दिसतंय,
आमचापण एक असाच घ्या ना.
घेतला. तिच्यामागे गोव्यातलं काहीही नाही.

बायच्या फोटोत डाव्या कडेला माझं नख आलं होतं.
कापलं. कापायलाच हवं, तिकडचा नियम.

आज दुसरी जोडी, लातूरची.
आठ वाजून दहा, जास्वंदी दरवाजा सोडून
मी मुद्दाम त्या खिडकीखालून नेली त्यांना.
पाटी तीच.
खाली एक नवी ओळ, शाई अजून ओली वाटावी अशी:
आजचं ताजं आहे.